विमानाचं जादा शुल्क कुठून आलं, आणि ते कसं टाळायचं

पीएचडीला नोंदणी झाली की पहिल्या सहा महिन्यांतच एक गोष्ट कळते: आपल्या विषयाचे कागद आपल्या गावात नसतात. बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना ती जरा लवकरच कळते. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे तुम्ही जमीन महसुलावर काम करा, शाळांवर करा नाहीतर दुष्काळावर, आज ना उद्या हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगणा राज्य अभिलेखागाराची पायरी चढावीच लागते. केंद्राचे कागद दिल्लीला, जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. मध्येच एखादा परिसंवाद गुवाहाटीला नाहीतर तिरुवनंतपुरमला निघतो. तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर सुट्टी मिळणार तीन-चार दिवसांची, आणि रेल्वेनं जाण्या-येण्यातच ती संपणार. मग माणूस पहिल्यांदा विमान कंपनीचं संकेतस्थळ उघडतो.

पहिल्या पानावर एक आकडा दिसतो, शेवटच्या पानावर दुसरा. मधल्या पानांवर सीट, जेवण, बॅग, विमा, 'सुविधा' असं काय काय येऊन चिकटलेलं असतं. फेलोशिपचे पैसे आधीच उशिरा येतात, त्यात हा प्रकार. बहुतेक जण चडफडतात आणि पैसे भरून मोकळे होतात.

आजच्या लेखात याच शुल्कांचा इतिहास सांगणार आहे. त्यामागे दोन हेतू आहेत. एक, तुमचे पैसे वाचावेत. दुसरा, दरपत्रक नावाचा कागद इतिहासाचं साधन म्हणून कसा वाचायचा हे दाखवावं. खरं तर ही दोन्ही कामं एकाच अभ्यासात होतात. प्रत्येक शुल्काला जन्मतारीख असते. ते कुठल्यातरी करारानं, परिपत्रकानं किंवा निकालानं जन्माला आलेलं असतं, आणि ज्या कागदानं ते जन्माला घातलं त्याच कागदात पुष्कळदा त्यातून सुटण्याची वाटही लिहिलेली असते. ती वाट संकेतस्थळ आपणहून दाखवत नाही, एवढंच.

आधी बॅगेचं वजन घेऊ. सगळ्यात जास्त पैसे तिथंच जातात.

बॅग काट्यावर का ठेवतात?

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं, विमान जड होतं म्हणून. बरोबर, पण अर्धंच. सुरुवातीच्या काळात माणसालाही काट्यावर उभं करत. १९२९ मध्ये ब्रिटनच्या इम्पिरियल एअरवेजची सेवा लंडनहून कराचीपर्यंत आली, तेव्हाच्या विमानांत मोजकी माणसं आणि टपालाच्या थैल्या जायच्या. टपालावर कंपनी जगायची, म्हणून प्रवासी आणि त्याचं सामान मिळून किती भरतं याला महत्त्व होतं. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला विमान आणलं, त्यातही टपालच होतं. थोडक्यात, प्रवासी हा विमानात उशिरा शिरलेला माणूस आहे. आधी थैली, मग तो.

पण वजन तिकिटावर लिहून ठेवण्याला आणखी एक कारण होतं. १९२९ च्याच वॉर्सा करारानुसार विमान कंपनीनं प्रवाशाला सामानाची वेगळी पावती द्यायची होती, आणि तिच्यात नग किती व त्यांचं वजन किती हे लिहायचं होतं. कशासाठी? सामान हरवलं तर भरपाई किलोवर मिळायची, दर किलोला २५० फ्रँक या कमाल मर्यादेपर्यंत. भारतात हा करार १९३४ च्या कायद्यानं लागू झाला, पुढे १९७२ च्या कॅरेज बाय एअर ॲक्टमध्ये आला. म्हणजे वजनाचा तो रकाना प्रवाशाच्या बाजूचाही होता. जितकं वजन लिहिलं, तितका तुमचा हक्क.

आता पुढचा भाग नीट बघा. १९९९ च्या माँट्रियल करारानं किलोचा हिशोब काढून टाकला आणि भरपाई दर प्रवाशामागे ठरवली. भारतानं तो २००९ च्या दुरुस्तीनं स्वीकारला. देशांतर्गत प्रवासातही आज बॅग हरवली, फाटली किंवा उशिरा आली तर भरपाईची मर्यादा दर प्रवाशामागे २०,००० रुपये आहे, बॅग आठ किलोची असो की पंधराची. म्हणजे कंपनीनं तुम्हाला द्यायचे पैसे किलोवरून सुटले, आणि तुम्ही कंपनीला द्यायचे पैसे किलोवरच राहिले. रकाना तोच, पण तो आता कुणाच्या बाजूनं बोलतो ते बदललं.

संशोधन पद्धतीच्या तासाला 'संदर्भ बदलला की साधनाचा अर्थ बदलतो' असं सांगतात, आणि आपण वहीत उतरवून घेतो. त्याचं याहून सोपं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

पुढच्या काळात जगभर साधारण एक रीत बसली: वरच्या वर्गाला ३० किलो मोफत, खालच्याला २०, आणि त्यावर दर किलोला पहिल्या वर्गाच्या भाड्याच्या एक टक्का. इथं थांबून विचार करा. प्रवास खालच्या वर्गाचा, दंड मात्र पहिल्या वर्गाच्या भाड्यावरून. जादा सामान हा गरिबाचा प्रश्न असेल असं हे सूत्र मांडणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं.

तुलनेला आपली रेल्वे घ्या. साध्या दुसऱ्या वर्गाला ३५ किलो मोफत, स्लीपरला ४०, एसी पहिल्या वर्गाला ७०. तिथं वजन कुणी करत नाही ते सोडा, पण नियम लिहिताना समोर ट्रंक, वळकटी आणि धान्याचं पोतं घेऊन निघालेला माणूस होता हे आकड्यावरूनच दिसतं. विमानाच्या १५ किलोसमोर कोण होता, हे पुढे येतंच आहे.

एकाच संस्थानात रेल्वे, मोटार आणि विमान

बीडच्या वाचकाला एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. निजामाच्या स्टेट रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन मोटार वाहतूक सुरू केली. पुढे १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी निघाली, आणि तिची विमानं हैदराबादच्या बेगमपेठहून उडू लागली. पहिल्या भारतीय महिला व्यावसायिक वैमानिक प्रेम माथुर यांना १९४७ मध्ये नोकरी दिली ती याच कंपनीनं. १९५३ मध्ये देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली.

म्हणजे ज्या संस्थानाचा बीड हा जिल्हा होता, त्याच्याकडे स्वतःची विमान कंपनी होती. त्याच बीड शहरात प्रवासी रेल्वे यायला मात्र १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण परळी जिल्ह्याच्या एका टोकाला. ज्यांनी विमानं उडवली त्यांनी दीडदोनशे किलोमीटर रूळ टाकले नाहीत, आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनीही पाऊणशे वर्षं घेतली. यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

शोध घेताना एक सावधगिरी ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात 'डेक्कन' टाकून शोधलंत तर दोन वेगळ्या कंपन्या एकत्र येतात: १९४५ ची डेक्कन एअरवेज आणि २००३ ची एअर डेक्कन. नाव सोडलं तर त्यांचं एकमेकींशी नातं नाही. आपल्याला आता दुसरीकडे जायचं आहे.

स्वस्त तिकीट म्हणजे काय काय काढून टाकलेलं तिकीट

१९५३ ते १९९४ या काळात भारतात देशांतर्गत विमान म्हणजे जवळपास सरकारी विमान. भाडं सरकारी, सामानाचा नियम सरकारी, जेवण तिकिटातच. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना रीतसर जागा मिळाली, पण त्यांनीही थाट जुनाच ठेवला.

स्वस्त विमानाची कल्पना बाहेरून आली. १९७७ मध्ये फ्रेडी लेकर या ब्रिटिश उद्योजकानं लंडन ते न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' सुरू केली. भाडं ५९ पौंड, जेवण हवं तर वेगळे पैसे. अमेरिकेत १९७८ ला भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि १९८१ मध्ये पीपल एक्स्प्रेस या कंपनीनं चेक-इन केलेल्या दर बॅगेला ३ डॉलर घ्यायला सुरुवात केली. आज आपण ज्याला जादा शुल्क म्हणतो त्याचा धागा इथवर मागे जातो. लोक २००६ च्या रायनएअरपासून किंवा २००८ च्या अमेरिकन एअरलाइन्सपासून सुरुवात करतात, ते अपुरं आहे. त्या वर्षांत ती गोष्ट सर्रास झाली, जन्माला आधीच आली होती.

आपल्याकडे ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली. लहान एटीआर विमानं, लहान शहरं, आणि तिकिटातून जेवण वजा. त्यामागचं म्हणणं सोपं होतं: एसटीत कुणी जेवण देतं का? मग तासाभराच्या विमानात कशाला हवं? पुढे स्पाइसजेट (२००५), गोएअर (२००५), इंडिगो (२००६) आल्या. एअर डेक्कन स्वतः किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. पण ती जी सवय लावून गेली ती टिकली.

तरी बॅग अजून तिकिटातच होती, साधारण २० किलोपर्यंत. ती बाहेर पडली २०१३ मध्ये.

एप्रिल २०१३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, एक परिपत्रक काढलं. काही सेवा मूळ भाड्यापासून सुट्या करायला कंपन्यांना परवानगी मिळाली. पसंतीची सीट, खाणं-पिणं, लाउंज, चेक-इनचं सामान, खेळाचं साहित्य, वाद्यं, मौल्यवान सामानाची विशेष नोंद, अशी ती यादी होती. त्याच उन्हाळ्यात बहुतेक खासगी कंपन्यांनी मोफत सामान २० वरून १५ किलोवर आणलं. एअर इंडिया तेवढी वेगळी राहिली.

पण त्या परिपत्रकात आणखी दोन गोष्टी होत्या, आणि तुमच्या खिशाचा प्रश्न त्यांच्यात आहे. एक, या सेवा प्रवाशानं स्वतः निवडायच्या. म्हणजे आधीच खूण करून ठेवायची आणि नको असेल तर प्रवाशानं ती काढायची, असं चालणार नाही. दोन, पिण्याचं पाणी या यादीतून वगळलेलं होतं.

पहिल्या गोष्टीचा अर्थ असा की सीट निवडायच्या पानावर तुम्ही काहीही न निवडता पुढे जाऊ शकता. 'पुढे जा' किंवा 'वगळा' ही कळ कुठेतरी कोपऱ्यात, फिकट रंगात असते, पण असते. पैसे न भरता मिळालेली सीट बहुधा मधली असते. दोन तास मधल्या सीटवर बसणं बीडहून पुण्याला लाल डब्यात उभ्यानं गेलेल्याला जड जाऊ नये. सोबत बारा वर्षांखालचं मूल असेल तर त्याला किमान एका पालकाशेजारी सीट द्यावी, असं डीजीसीएनं २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलेलं आहे, तेव्हा केवळ त्या भीतीनं सीट विकत घेऊ नका. आणि पाण्यासाठी रिकामी बाटली न्या, सुरक्षा तपासणी झाली की आतल्या नळावर भरून घ्या.

१५ किलोवरून भांडण

२०१६ मध्ये डीजीसीएनं ठरवलं की १५ ते २० किलोमधल्या जादा वजनाला दर किलोमागे १०० रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला: दर ठरवणं हा कंपनीचा अधिकार आहे, नियामकाला तो असा ठरवून देता येणार नाही. मर्यादा गेली आणि दर वाढले.

कंपन्यांचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. ज्याच्याकडे बॅगच नाही त्यानं दुसऱ्याच्या बॅगेचं भाडं का भरावं, हा प्रश्न रास्त आहे. पण जड बॅग कुणाकडे असते ते बघा. सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्या अधिकाऱ्याकडे लॅपटॉप असतो. जो सहा महिन्यांसाठी निघालेला असतो, तो विद्यार्थी, बांधकामावर चाललेला मजूर, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, यांच्याकडे वजन असतं. वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्यावर शुल्क पडतं आणि दर आठवड्याला बसणारा त्यातून सुटतो. १५ किलोचा नियम लिहिताना समोर कोण होता, त्याचं उत्तर हे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उलट बाजूनं परवानगी आली: नुसती हातातली बॅग घेऊन जाणाऱ्याला कमी भाडं देता येईल. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, आणि मे २०२४ पासून तिच्याही देशांतर्गत स्वस्त भाड्यांत मोफत सामान १५ किलोवर आलं. सरकारी कंपनीचा जो वेगळा आकडा तुलनेला होता तोही संपला.

यात छोटं संशोधन करण्यासारखं काही आहे का? आहे. बॅगेशिवायचं भाडं खरंच स्वस्त झालं, की बॅगेसहचं महाग झालं? छत्रपती संभाजीनगर ते दिल्ली हा एकच मार्ग घ्या, तीन महिने रोज ठरलेल्या वेळी दोन्ही भाडी टिपून ठेवा. एमएच्या प्रकल्पाला एवढं पुरतं.

आता व्यवहार. हातातल्या बॅगेला सर्वसाधारणपणे ७ किलो, चेक-इनला १५. काही कंपन्या नगही मोजतात, म्हणजे १५ किलो एकाच बॅगेत. दोन पिशव्या केल्या तर दुसरीचे पैसे. निघण्यापूर्वी घरीच वजन करा. लटकवायचा छोटा काटा मिळतो, नाहीतर किराणा दुकानदार हसत हसत करून देतो. जादा लागणारच असेल तर ते तिकीट काढताना किंवा निघण्याआधी ऑनलाइन घ्या. विमानतळाच्या काउंटरवर तोच किलो महाग पडतो.

आणि जे पुष्कळांना माहीत नसतं ते हे: इंडिगो, एअर इंडिया यांच्यासारख्या कंपन्यांत 'विद्यार्थी' असं वेगळं भाडं निवडता येतं, त्यात भाड्यात थोडी सूट आणि १० किलो जादा सामान मिळतं. पीएचडीचा विद्यार्थी हा विद्यार्थीच असतो, घरच्यांना ते पटो न पटो. विद्यापीठाचं चालू वर्षाचं ओळखपत्र सोबत ठेवा आणि वयाची अट आधी वाचा. तिशी ओलांडलेल्यांना काही ठिकाणी ही सोय मिळत नाही, आणि आपल्यातले निम्मे तर तिशीपुढचेच.

बॅगेत काय भरायचं याचा निर्णयही वजनानं घ्या. ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रीम साधारण २.३ किलो भरतं. म्हणजे तीन रीम झेरॉक्स काढलेत की हातातल्या बॅगेचे सात किलो संपले. जाताना बॅग हलकी असते, येताना अभिलेखागाराचे कागद, दोन-चार जाडजूड ग्रंथ आणि परिसंवादात वाटलेली जड स्मरणचिन्हं. शुल्क येतानाच लागतं. परवानगी असेल तिथं फोटो काढा. नसेल तर झेरॉक्स पोस्टाच्या पार्सलनं घरी पाठवा. जायच्या वेळी सीताफळांची पेटी न्यायचा आग्रह झाला तर प्रेमानं नाही म्हणा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय हे खरं, पण काउंटरवरच्या काट्याला त्याचं कौतुक नसतं.

लहान लहान शुल्कं

नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोनं वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटना पैसे लावल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि गदारोळ झाला. पुढे काही कंपन्या उलट, वेब चेक-इन न करता काउंटरवर बोर्डिंग पास मागणाऱ्याकडून पैसे घेऊ लागल्या. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयानं ते घेता येणार नाही असं स्पष्ट केलं. तेव्हा मोबाईलवर चेक-इन जमलं नाही, गावात रेंज नव्हती, तरी घाबरू नका. काउंटरवर पास फुकट मागा. कुणी पैसे मागितलेच तर २०२२ चा आदेश शांतपणे सांगा.

'कन्व्हिनियन्स फी' नावाचं जे शेवटच्या पानावर येतं, ते टाळणं अवघड. ते दर प्रवाशामागे लागतं आणि पैसे भरण्याच्या मार्गानुसार बदलू शकतं. मध्यस्थ संकेतस्थळावर भाडं कमी दिसलं तरी हे शुल्क धरून शेवटची बेरीज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाशी ताडून बघा. विमा, 'प्राधान्यानं चढा', दानधर्माचे पाच-दहा रुपये, यांच्या खुणा आपोआप पडलेल्या असतील तर काढा. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि किंमत तुकड्या-तुकड्यानं उघड करणं, हे दोन्ही प्रकार त्यात नावानिशी आहेत. म्हणजे तुम्हाला वाटणारी चीड आता सरकारी कागदात व्याख्येसकट नोंदलेली आहे.

हे सगळं शोधायचं कुठं? डीजीसीएची परिपत्रकं तिच्या संकेतस्थळावर आहेत, जुनीही. लोकसभा आणि राज्यसभेतल्या प्रश्नोत्तरांत विमानभाड्यावर दरवर्षी काही ना काही असतं, आणि मंत्र्याचं उत्तर हे तारखेसह मिळणारं पक्कं साधन आहे. न्यायालयाचा निकाल वाचताना नुसता शेवटचा परिच्छेद वाचू नका. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद तिथं फुकटात मांडून मिळतात. कंपन्यांची जुनी दरपत्रकं मात्र कंपन्या स्वतः ठेवत नाहीत. नवं पान आलं की जुनं गायब. त्यासाठी वेबॅक मशीनवर कंपनीच्या सामान-नियमाच्या पानाचा पत्ता टाकून वर्षवार प्रती बघा. पाहिलेल्या प्रतीची तारीख तळटीपेत लिहा, कारण परीक्षक तेच विचारतो.

राहता राहिला सगळ्यात महागडा प्रकार, विमान चुकणं. बीडहून जवळचं चालू विमानतळ म्हणजे संभाजीनगरचं चिकलठाणा. गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ असं सुमारे सव्वाशे किलोमीटर. साधारणपणे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, आणि शहागडच्या पुलावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकल्याचं कारण तिथं चालत नाही. हंगामाच्या दिवसांत दोन तास हाताशी ठेवून निघा.

तरीही चुकलंच, किंवा जाणं रद्द झालं, तर बहुतेक जण तिकीट फेकून देतात. तसं करू नका. २०१६ पासूनच्या नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ वापराचं शुल्क तर तुम्ही गेलाच नाहीत तरी परत मिळायला हवं, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरीही. ही रक्कम लहान असते. ती आपोआप खात्यात येईलच असं धरून चालू नका. पीएनआर टाकून मागा. २०१९ च्या प्रवासी सनदेत आणखी एक सवलत होती: उड्डाण सात दिवसांपेक्षा पुढचं असेल, तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते शुल्काशिवाय रद्द करता येईल, आणि नावातली चूकही त्याच मुदतीत फुकट दुरुस्त करून मिळेल. या मुदती बदलत असतात, म्हणून तिकीट काढाल त्या दिवशी लागू असलेला नियम वाचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. नाव आधार कार्डावर आहे तसंच टाका. आपल्याकडे दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं आणि विद्यापीठाच्या नोंदणीपत्रावर तिसरं असे प्रकार काही कमी नाहीत.